चालतंय की!

कोटेशनमधल्या ‘रिडंडंट’ या शब्दाभोवती परचेस ऑफिसरांनी लाल पेनानं गोल काढला आणि कागद माझ्याकडं सरकवला.

“हा शब्द मला ठाऊक आहे. मुंबईत आमच्या मेहुण्याला कंपनीनं याच शब्दावर घरी बसवलं.”

“साहेब, इथं त्याचा अर्थ जरा वेगळा...”

“डिक्शनरी बघितलीय मी. ‘अनावश्यक’ असं दिलंय. अनावश्यक वस्तू कारखान्यानं का घ्यायची, एवढं एका ओळीत लिहून द्या. ऑडिटच्या फायलीला लावतो.”

गेली बावीस वर्षं मी ही अनावश्यक वस्तू विकतो, बसवतो, आणि ती बंद पडली की शिव्या खातो. वस्तू अशी: कारखान्यातल्या संगणकाचा पॉवर सप्लाय, पण एक नाही, दोन. दोन्ही एकाच वेळी चालू. एक मेला की दुसरा सगळा भार उचलतो, आणि मेलेला उपसून त्या जागी नवा बसवायचा, तोही संगणक चालू असताना. कंपनीच्या पुस्तिकेत याला ‘रिडंडंट हॉट-स्वॅप पॉवर सप्लाय’ असं भारदस्त नाव आहे. कारखान्यात याला ‘ते दोन डबे’ म्हणतात.

मी कागदावर एक ओळ लिहिली: ‘काटा बंद पडू नये म्हणून.’ परचेस ऑफिसरांनी ती वाचली आणि पुढचा एकही प्रश्न न विचारता सही केली.

साखर कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या माणसाला काटा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. उसानं भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली आधी वजनकाट्यावर चढते, मग गव्हाणीकडं जाऊन रिकामी होते, आणि परतताना पुन्हा काट्यावर चढते. दोन वजनांतला फरक म्हणजे ऊस. त्या फरकाची छापील पावती म्हणजे शेतकऱ्याचं वर्ष. पंधरा-सोळा महिने सांभाळलेलं पीक या काट्यावर अर्ध्या मिनिटात आकडा होतं. ‘काटा मारणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. त्यामुळं काटा बंद पडला की गावाला त्यात तांत्रिक बिघाड दिसत नाही, डाव दिसतो.

काट्याच्या खोलीत घरचा संगणक ठेवला तर एका हंगामात त्याचं भुसकट होतं, अगदी शब्दशः. हवेत बगॅसचा बारीक भुसा, त्यात मळीचा दमट चिकट वास, आणि दर दोन मिनिटांनी शेजारून जाणाऱ्या ट्रॅक्टरनं हलणारी जमीन. म्हणून तिथं औद्योगिक संगणक लागतो. 19 इंची रॅकमध्ये बसणारी, सातेक इंच उंचीची पत्र्याची पेटी. समोर धुता येणारी जाळी, दाराला कुलूप. दिसायला लष्करातून निवृत्त झालेल्या माणसाच्या ट्रंकेसारखी. आणि पाठीमागं, खणात सरकवलेले, ते दोन डबे.

“म्हणजे स्टेपनी,” असं बहुतेक जण म्हणतात. स्टेपनी हा आपल्याला इतका आपला वाटणारा शब्द खरा वेल्समधल्या लानेली गावातला आहे. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर 1904च्या सुमारास मोटारीचं जादा चाक बनवण्याचा धंदा सुरू झाला, आणि त्या रस्त्याचं नाव घेऊन ते चाक आपल्या एसटीच्या पोटाखाली येऊन लटकलं. पण आमचा डबा स्टेपनी नव्हे. स्टेपनी वापरायची तर गाडी थांबवावी लागते, प्रवाशांना उतरवावं लागतं, जॅक शोधावा लागतो, तो नाही हे कळल्यावर दुसऱ्या एसटीची वाट बघावी लागते. आमच्याकडं गाडी घाटात चालू असतानाच पंक्चर चाक काढून नवं लावायचं असतं, आणि तेही मागच्या सीटवरच्या आजीची झोप न मोडता.

“मग बैलजोडी,” असं दुसरा म्हणतो. तीही नव्हे. जोडीतला एक बैल बसला की गाडी जागेवर थांबते. उरलेला बैल कितीही गुणी असला तरी जू एका बाजूला कलंडतं. आमच्या जोडीत प्रत्येक बैल एकट्यानं गाडी ओढू शकेल असाच निवडलेला असतो. संगणकाला लागतात समजा 240 वॅट. प्रत्येक डबा एकट्यानं 500 वॅट देऊ शकतो, तरी दोघं गुण्यागोविंदानं 120-120 उचलतात. एकानं काम करायचं आणि दुसऱ्यानं वेळ आली की उठायचं, असं इथं चालत नाही. कारण वीज तुटल्यावर साधा सप्लाय जेमतेम 15-20 मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्यात झोपलेला जागा व्हायचा, डोळे चोळायचा आणि ‘काय झालं?’ विचारायचा, तोवर संगणक गेलेला असतो. म्हणून दोघांनी कायम जागं राहायचं.

आता दोन भाऊ एका घरात राहणार म्हटल्यावर भाऊबंदकीचा प्रश्न येतोच. दोन्ही डबे शेवटी एकाच सामाईक तारेवर 12 व्होल्ट ओततात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला तर चांगला डबा भोळेपणानं मेलेल्याच्या पोटात करंट ओतत बसेल आणि दोघंही जातील. धाकट्यानं कर्ज काढलं आणि थोरल्याची जमीन गेली, हे आपण गावोगाव पाहिलंय. म्हणून दोघांच्या वाटेवर एकेक डायोड घालतात. माल घरातून बाहेर जाईल, बाहेरून घरात शिरणार नाही. पण डायोडही अडत्याच आहे, फुकट काम करत नाही. जाणाऱ्या मालातून अर्धा व्होल्ट अडत कापतो. 40 अँपिअरला 20 वॅट, नुसती उष्णता. म्हणून हल्ली त्याच्या जागी मॉस्फेट बसवतात. तो अडत कमी घेतो, पण त्याच्यावर लक्ष ठेवायला वेगळी चिप नेमावी लागते. व्यवहारात स्वस्त अडत्या मिळाला की त्याच्यावर मुनीम ठेवावा लागतो, तसंच.

काटा सुरू करायच्या दिवशी मी सगळ्यांसमोर प्रात्यक्षिक केलं. चीफ इंजिनिअर, काटा क्लार्क, वायरमनमामा आणि चहा घेऊन आलेला पोरगा असे चार साक्षीदार. स्क्रीनवर एका ट्रॉलीचं वजन चालू होतं. मी खटका दाबला, हँडल धरलं आणि उजवा डबा खस्सकन ओढून बाहेर काढला. वीटभर आकाराचा, वजनदार, आणि चांगलाच गरम. हॉट-स्वॅपमधल्या ‘हॉट’चा अर्थ ‘चालू असताना’ असा आहे, पण हातात धरल्यावर दुसरा अर्थही पटतो. बजर कोकलला. स्क्रीनवरचा आकडा हलला नाही. पावती छापून आली.

मग मी त्यांना डब्याच्या पाठीमागच्या पिना दाखवल्या. माझा हा आवडता भाग. पिना एका लांबीच्या नसतात. अर्थिंगची सगळ्यांत लांब, विजेच्या तिच्याहून आखूड, आणि एक-दोन अगदी बुटक्या. डबा आत सरकवला की आधी अर्थिंग भिडतं, मग वीज, आणि सगळ्यांत शेवटी ती बुटकी पिन आत कळवते, ‘मी नीट बसलोय’. तेव्हाच डबा भार घेतो. काढताना बरोबर उलट: बुटकी आधी सुटते, डबा भार सोडतो, अर्थिंग शेवटपर्यंत हात धरून असतं. पंगतीचाच नियम. आधी पाट, मग पान, मग वाढप. उभ्या माणसाच्या हातावर आमटी वाढली की काय होतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हॉट-स्वॅप शिकवावं लागत नाही.

चीफ इंजिनिअरांनी मान डोलावली. क्लार्कनं मान डोलावली. मामांनी मात्र स्क्रीनकडं पाहिलं, माझ्या हातातल्या डब्याकडं पाहिलं, आणि अख्ख्या प्रात्यक्षिकाचा त्यांना लागलेला अर्थ जाहीर केला.

“म्हंजे एकावर चालतंय की!”

“हो मामा, चालतं. पण तो गेला तर...”

“गेला तर बघू की तवा.”

आठ दिवसांनी मी फेरी मारली तर उजवा डबा जागेवर नव्हता. रिकाम्या खणात उंदीर जाऊ नये म्हणून फडकं कोंबलेलं होतं. डबा कपाटात होता, मूळ खोक्यात, मूळ थर्माकोलसह. “म्हटलं, कशाला दोन्ही झिजवायचे? नवा ऱ्हाईल.” नव्या रिमोटचं प्लॅस्टिक रिमोट मरेपर्यंत न काढणाऱ्या समाजात वाढल्यामुळं मला रागावता येईना. मी डबा परत बसवला, मामांना समजावलं, त्यांनी ‘बरं’ म्हटलं. पण त्या आठ दिवसांत काट्याच्या खोलीला एक ज्ञान झालं होतं, जे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. बजर कोकलत असेल तर शेजारचं छोटं बटण दाबायचं. तो गप बसतो.

पहिला हंगाम सुखरूप गेला. दुसऱ्या हंगामात, फेब्रुवारीतल्या एका रात्री पावणेदोन वाजता फोन आला. “साहेब, काटा बंद हाय.” पलीकडून एकाच वेळी वीस माणसं बोलत होती आणि एका ट्रॅक्टरवर गाणं लागलेलं होतं.

मी कोल्हापुरातून निघालो. कारखाना यायला दोन किलोमीटर होते तेव्हाच रांगेचं शेपूट लागलं. ट्रॉल्यांमागं ट्रॉल्या, मध्येच बैलगाड्या, कडेला शेकोट्या. तोडलेला ऊस थांबत नाही. तासागणिक वाळतो, वजनात घटतो आणि त्यातली साखरही उतरते. रांगेतला प्रत्येक माणूस मनातल्या मनात किलो मोजत होता, आणि माझ्या गाडीच्या काचेतून आत बघत होता.

वजन दाखवणारा इंडिकेटर चालू होता. बंद होता तो पावती छापणारा संगणक. क्लार्कनं शहाणपणा करून हातानं पावत्या लिहायला घेतल्या होत्या. त्या कोणी घेईना. शेकोटीजवळच्या एका आजोबांनी कारण सांगितलं. “पेनानं ल्हिल्यालं वजन नगं. पेनाला धनी असतो.”

मी पेटीच्या मागं वाकलो. दोन्ही डब्यांचे हिरवे दिवे गेलेले. उजवा डबा अजून कोमट होता, म्हणजे नुकताच गेलेला. डावा गारढोण.

“हा डावा कधी गेला?”

क्लार्कनं मामांकडं पाहिलं. मामांनी छताकडं पाहिलं.

“तो व्हय? डिसेंबरातच बोंबलत हुता. आम्ही गप केला.”

“मला फोन का नाही केला?”

“कशाला? चालतंय की म्हटलं.”

दोन महिने. दोन महिने तो संगणक एका डब्यावर चालला होता, आणि मेलेला डबा शेजारी लाल दिवा लावून बसला होता. 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले. काट्यावरचा हा एक राहिला होता, आणि त्यालाही कोणी विचारत नव्हतं. डब्यातला बोटभर पंखा भुशानं लिंपला गेला होता. आत कपॅसिटर उकडून फुगले होते. दहा अंश तापमान वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं असा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे, आणि त्या खोलीत दहा अंश हे केवळ चहाच्या किटलीचं योगदान असावं. किटली म्हणजे विजेची. ती मला कुठं सापडली हेही सांगतो. मी पहिल्या दिवशी एका डब्याची वायर यूपीएसला आणि दुसऱ्याची सरळ पॅनेलला दिली होती, म्हणजे एक वाट बंद झाली तरी दुसरी उघडी. आता दोन्ही वायरी एकाच एक्सटेन्शन बोर्डात होत्या, दोन मोबाइल चार्जर आणि किटलीच्या सहवासात. यूपीएसचा सॉकेट मोकळा करून त्यावर टेबलफॅन लावला होता. लाइट गेली तर संगणक बंद पडला असता, पण क्लार्कला घाम आला नसता.

तरीही मी निर्धास्त होतो. तिसरा डबा मी मुद्दाम घ्यायला लावला होता. तो होता स्टोअरमध्ये. स्टोअरला होतं कुलूप. किल्ली होती स्टोअरकीपरकडं. स्टोअरकीपर होते मिरजेत, भाचीच्या लग्नात. आणि त्यांचा फोन होता हळदीच्या मांडवात, कुणाच्या तरी पर्समध्ये.

अख्ख्या कारखान्यात बॉयलरला पाणी घालायला दोन पंप आहेत. लाइट गेली तर जनरेटर आहे. संगणकाला डबे दोन, स्टोअरमध्ये तिसरा. स्टोअरकीपर मात्र एकच. साखळी किती मजबूत आहे हे बघायला आम्ही इंजिनिअर लोखंडाच्या कड्या मोजतो. ज्या कडीला भाची असते ती मोजायची राहते.

किल्ली पहाटे सहाला आली. डबा बसवायला 30 सेकंद लागली. किल्लीला सव्वाचार तास.

सकाळी चीफ इंजिनिअरांच्या केबिनमध्ये माझी हजेरी झाली. कागद ओढून मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. तो इथंही मांडतो, कारण मला तो अजून चमत्कारिक वाटतो. समजा डब्यावर सरासरी ‘एक लाख तासांत एक बिघाड’ असं लिहिलंय. वर्षाचे तास 8,760. म्हणजे एकटा डबा सरासरी 11.4 वर्षं. आता दोन डबे लावा, पण पहिला मेला तर बदलू नका, नुसता बजर गप करा. कुणालाही वाटेल, दोन डबे म्हणजे दुप्पट आयुष्य. तसं होत नाही. फक्त दीडपट, 17 वर्षं. पैसे दुप्पट, आयुष्य दीडपट. हा सौदा परचेस ऑफिसरांच्या मेहुण्यालाही पटणार नाही.

आता तेच दोन डबे, तीच खोली. फरक एकच: पहिला मेला की 24 तासांत बदलायचा. त्या 24 तासांत नेमका दुसराही मरेल अशी वेळ कागदावर सरासरी किती वर्षांनी यावी? सुमारे 23,800 वर्षांनी.

चीफ इंजिनिअरांनी आकडा पुन्हा वाचला. पावतीची तक्रार घेऊन आलेले ते आजोबा दारात उभे होते, त्यांनीही ऐकला.

“तेवीस हज्जार?”

“आठशे.”

“तवर मागच्या हंगामाचं बिल मिळंल न्हवं?”

अर्थात हे कागदावरचं गणित. दोन डबे आपापल्या मर्जीनं, वेगवेगळ्या वेळी मरतील असं ते धरून चालतं. एकाच बोर्डात खोचलेले, एकच भुसा खाणारे आणि एकाच किटलीची वाफ घेणारे डबे एवढे स्वतंत्र नसतात. पण मुद्दा तोच राहतो. 17 वर्षं आणि 23,800 वर्षं यांच्यामध्ये कुठलंही यंत्र नाही. मध्ये आहे फक्त एक फोन. दुसरा डबा काही बिघाड टाळत नाही. तो तुम्हाला बिघाड दुरुस्त करायला सवड देतो. आपण ती सवड घेतो आणि तिच्यावर झोपतो.

रात्रभर जागलेला मी घरी पोचलो, तर आई स्वयंपाकघरात सिलिंडर बदलून हात पुसत होती. गॅस चालू, दूध वर. मग ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेली, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल घेतली, आजच्या तारखेच्या चौकोनात ‘ग्या.’ असं लिहिलं, आणि तिथूनच हाक मारली. “आत्ताच्या आत्ता नंबर लाव. आता एकच राह्यलाय.”

मी तसाच उभा राहिलो. बावीस वर्षं मी जे विकतोय ते माझ्या घरात माझ्याआधीपासून बसवलेलं होतं. दोन सिलिंडर. एक संपला की दुसरा लगेच. आणि मुख्य म्हणजे, आमच्या घरात दुसरा सिलिंडर लावल्यावर आजवर कोणीही ‘चालतंय की’ म्हटलेलं नाही. पहिला संपला तो क्षणच आईच्या लेखी धोक्याचा. दुसरा संपेपर्यंत थांबायची तिची तयारी नाही. बजर नाही, लाल दिवा नाही, चिप नाही. एक पेन्सिल आणि दोरा.

पुढच्या हंगामाआधी मी काट्याच्या खोलीत गेलो. वायरी पुन्हा वेगळ्या केल्या, किटलीला तिचं स्वतंत्र घर दिलं, जाळ्या धुण्याचा दिवस ठरवला. आणि डब्यांच्या बरोबर वर भिंतीला कॅलेंडर टांगलं, दोऱ्याला पेन्सिल बांधून. क्लार्कला सांगितलं: बजर वाजला तर बटण दाबायची परवानगी आहे, पण आधी तारीख लिहायची आणि मला फोन करायचा. स्टोअरच्या किल्लीचीही जोडी करा, असं चीफ इंजिनिअरांना लेखी दिलं. त्यांनी शेरा मारला: ‘तातडीने कार्यवाही व्हावी.’

जानेवारीत रात्री अकरा वाजता फोन वाजला. मागं बजर कोकलत होता.

“साहेब, उजवा बोंबलतोय.”

“डावा?”

“चालतंय की. पन म्हटलं, सांगावं. तारीख ल्हिलीया.”

खरं सांगतो, मला भरून आलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला बंद पडायच्या आधी फोन केला होता.

“शाब्बास. आता स्टोअरमधून नवा डबा आणा. किल्ल्या दोन केल्या ना?”

“व्हय तर! लगोलग केल्या. एक स्टोअरकीपर सायबांकडं.”

“आणि दुसरी?”

“ती बी त्यांच्याकडंच. म्हटलं, हरवाय नगं.”